कानाने पकडलेली गळती

मंगळवार, १३ ऑगस्ट

ही वही मी चोर पकडण्यासाठी आणली आहे. रोजनिशी लिहिण्याची हौस मला कधीच नव्हती, रिकामटेकड्यांचा उद्योग तो. पण दुकानातल्या हिरव्या ओ-रिंग संपताहेत आणि कुठे जातात ते कळत नाही. एसीच्या पाइपांच्या सांध्यात बसवायच्या या रबरी कड्या. महिन्यापूर्वी भरलेला डबा आणला होता, आज पालथा केला तर तळाला अकरा. उंदीर रबर खातो हे खरं, पण तो माप बघून खात नाही.

दुकानात माणसं दोन. एक मी, मुजिओनो, सुराबायाच्या या गल्लीत एकतीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा. दुसरा दार्सोनो, माझ्या बायकोचा, रुमिनीचा, धाकटा भाऊ, वय सत्तेचाळीस, नऊ वर्षं माझ्या हाताखाली. मी त्याला सोनो म्हणतो, तो मला मास, म्हणजे दादा. मी तर चोर नाही. मग उरलं कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण पडला मेहुणा. पुराव्याशिवाय तोंड उघडलं तर रुमिनी ताटं आपटेल. म्हणून ही वही. जे दिसेल, जे ऐकू येईल, ते तारखेसकट लिहायचं.

गुरुवार, १५ ऑगस्ट

आज एका मास्तरांची जुनी गाडी. पाइप धुतले, ड्रायरची बाटली नवी टाकली, नायट्रोजन भरला. गॅस भरण्याआधी नायट्रोजन दाबून गळती बघायची असा नियम आहे. हल्लीचे कारागीर गेजच्या सुईकडे बघत बसतात, नाहीतर सांध्यांना साबणाचा फेस फासतात. साबण कपड्यांसाठी असतो. मी हातभर रबरी नळी घेतो, एक टोक कानात, दुसरं सांध्यांवरून फिरवत नेतो. गळती असली की ती बोलते. बारीक, टोकदार शीळ. एकतीस वर्षांत माझ्या कानातून एकही सुटलेली नाही. सगळं गप्प असलं की बॉनेटवर थाप मारून मी म्हणतो, "साह!" निकाह लागला की साक्षीदार 'पक्कं' म्हणून ओरडतात ना, तसं. गिऱ्हाइकांना ते फार आवडतं. काहीजण तर तेवढ्यासाठीच माझ्याकडे येतात.

आणि हल्ली काम कसं चोख होतंय! पूर्वी दहा गाड्यांत तीन-चारदा शीळ सापडायची. या वर्षी बहुतेक गाड्या पहिल्या फेरीतच गप्प. अनुभव म्हणतात तो हाच.

सोनो बाजूला उभा होता. म्हणाला, "मास, सुई जराशी उतरल्यासारखी..." आणि थांबला. याची वाक्यं नेहमी अर्धी. उरलेली अर्धी तो गावी, क्लातेनला ठेवून आलाय.

मी म्हटलं, "ऊन उतरलं की सुई उतरते. सुईला काय विचारतोस, मला विचार."

"इंग्गिह, मास."

आम्ही सुराबायाचे लोक तोंडावर बोलतो. रुमिनीच्या माहेरची माणसं जन्माला येतानाच सुंकान घेऊन येतात. थोरल्याला नाही म्हणायची सुंकान, आणखी भात मागायची सुंकान, कुणाचा पाय आपल्या पायावर पडला तर 'उचला' म्हणायचीही सुंकान. भीड म्हणावी, तर भिडेला लाज वाटेल. त्यांचा शब्द एकच, इंग्गिह. अर्थ मात्र तीन. पहिला, ऐकलं. दुसरा, हो. तिसरा, नाही. लग्नानंतर सात वर्षं लागली मला तिन्ही ओळखायला. शब्द तोच असतो, आवाज वेगळा. तिसऱ्याचं शेपूट किंचित वर जातं.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

सोनोनं कोपऱ्यावरच्या दुकानातून शाम्पूच्या पाच पुड्या घेतल्या. सोनोला टक्कल आहे. नोंद केली.

रविवार, १८ ऑगस्ट

काल, सतरा ऑगस्टला, गल्लीत स्वातंत्र्यदिनाचे खेळ झाले. दोरीला टांगलेले पापड खायच्या शर्यतीत रोकिम पहिला आला, माझा शेजारी, दात निम्मे आहेत तरी. भोंग्यावर कोण बोलत होतं कळलं नाही; यंदाचा भोंगा अगदी भिकार, नुसती घरघर. माझ्या नावाचा दोनदा पुकारा झाला म्हणे, बक्षीस द्यायला बोलवत होते. मला वाटलं दुसऱ्याच कुणाला. लोक हसले. हसू देत.

आज एक काम उरकलं. माझा कॅनरी मुका झालाय. दोन वर्षांपूर्वी सकाळी उठवायचा, आता नुसता दांडीवर बसून गळा फुगवतो. मुक्या पक्ष्याला दाणे कोण घालणार? रोकिमला देऊन टाकला. तो म्हणाला, "मुजी, नक्की ना? पुन्हा विचार कर." मी म्हटलं, "ने रे, तुझ्या घरी तरी कोण गातंय!"

संध्याकाळी रुमिनीनं पुतु आणले, नारळ-गुळाचे वाफाळते. पुतुवाला हल्ली आमच्या गल्लीत येत नाही. त्याच्या गाडीवरची ती वाफेची शिट्टी ऐकून किती दिवस झाले. रुमिनी बिचारी कुठल्या गल्लीतून घेऊन येते कोण जाणे. विचारलं तर काहीतरी पुटपुटली. तिलाही अलीकडे पुटपुटण्याची खोड लागली आहे. दोघं भावंडं एकाच माळेचे मणी.

गुरुवार, २२ ऑगस्ट

एक विक्रेता गळती शोधायचं यंत्र घेऊन आला. पिस्तुलासारखं दिसतं, गॅस लागला की वाजतं म्हणे. त्यानं लायटरचा गॅस सोडून तोंडाशी धरलं आणि माझ्याकडे विजयी चेहऱ्यानं पाहिलं. मी म्हटलं, "मग? वाजव की." तो अदबीनं म्हणाला, "वाजतंय ना, पाक." मी हातात घेऊन कानाशी लावलं. मुडदा! मी म्हटलं, "पोरा, बंद पडलेला माल विकायला या गल्लीत येऊ नकोस. इथे कानाचा कारखाना आहे."

तो सोनोकडे बघायला लागला. सोनो जमिनीकडे. मग सोनो त्याला चहा प्यायला घेऊन गेला आणि अर्धा तास आला नाही. दोघांचं काय शिजतंय? ओ-रिंग याला तर विकत नसेल? नोंद केली.

माझे कान शाबूत आहेत हे कुणाला बघायचं असेल तर सिमेंटचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी वळला की मी इथून सांगतो. मशिदीतला नगारा छातीत वाजतो माझ्या.

सोमवार, २६ ऑगस्ट

सासूबाईंना जाऊन हजार दिवस झाले. त्या प्रार्थनेसाठी रुमिनी आणि सोनो शनिवारीच आठवड्यासाठी क्लातेनला गेले. मीही जायला हवं होतं, पण मत्रावीची व्हॅन आली. मत्रावी मदुरा बेटाचा, तोंडाचा फटकळ, सुराबाया ते जेंबेर प्रवासी नेतो, व्हॅन त्याची स्वतःची. कॉम्प्रेसर आतल्या आत चिरडला होता, सगळ्या पाइपांत लोखंडाचा काळा चुरा. अशी गाडी नुसता कॉम्प्रेसर बदलून सोडली तर आठवड्यात नवाही मरतो. दोन दिवस एकट्यानं खपलो. पाइप सोडवून एकेकात धुवायचं औषध ओतायचं, मागून नायट्रोजनचा दाब द्यायचा आणि दुसऱ्या तोंडाशी पांढरं फडकं धरायचं. पहिलं फडकं काळं, दुसरं करडं, नववं पांढरं आलं तेव्हा थांबलो. कंडेन्सर धुता येत नाही, तो नवाच घातला.

मग नायट्रोजन, मग नळी. एकोणीस सांधे, एकोणीसही गप्प. साह!

सोनो नसला तरी दुकान चालतं, उलट शांतपणे चालतं. हेही लिहून ठेवलं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

व्हॅन परत आली. चार दिवसांत गॅस संपला. मत्रावी शिव्या देतच उतरला, जेंबेरच्या वाटेवर एका गरोदर बाईला चक्कर आली म्हणे. मी सोनोला हाक मारली. तो कालच परतलाय. व्हॅनखाली शिरला, अर्ध्या तासानं बाहेर आला.

"मागच्या कॉइलच्या सांध्याला होती, मास. आता ठीक आहे."

"तो सांधा कुणी लावला होता?"

सोनोनं फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "माझीच चूक, मास. जायच्या आधी मी... राहिला असेल."

बघा! कबूल केलं. जायच्या आधी त्यानं या व्हॅनला हात कधी लावला ते मला आठवत नाही, व्हॅन बहुतेक तो गेल्यावर आली. पण माणूस उगाच का कबूल करेल? चोराच्या मनात चांदणं. मत्रावी काहीतरी बोलणार होता, सोनोनं त्याचा दंड धरून त्याला बाजूला नेलं.

मंगळवार, १० सप्टेंबर

पकडला!

रोज दुपारी मी नमाजाला जातो, तिथून घरी, जेवून थोडं पडतो, दोनला दुकानात येतो. आज घरी जेवण तयार नव्हतं म्हणून लगेच मागे फिरलो. दुकानात एका कापडवाल्याची गाडी उभी होती, सकाळीच मी तिला साह म्हटलं होतं. गॅस भरायचा तेवढा बाकी. बॉनेट उघडं. सोनो आत वाकलेला, हातात पाना, माझा सांधा उघडा करून ठेवलेला, वर शाम्पूचा फेस! कापडवाला आणि रोकिम शेजारी उभे राहून तमाशा बघताहेत.

"हे काय चाललंय?"

तो दचकला. "काही नाही, मास. जरा पुसत होतो."

"पान्यानं पुसतोस? मूठ उघड."

मुठीत ओ-रिंग. जुनी, एका बाजूला चिरलेली. डब्यातली नवी त्याच्या खिशात.

"म्हणजे मी पाठ फिरवली की माझे सांधे सैल करायचे! नव्या कड्या खिशात आणि जुन्या सांध्यात! कुणाला विकतोस? त्या पिस्तुलवाल्याला?"

त्याचे ओठ हलले.

"मोठ्यानं बोल. बायकांसारखं पुटपुटू नकोस!"

त्यानं रोकिमकडे पाहिलं. रोकिम स्वतःच्या पायांची बोटं मोजत होता. कापडवाला गाडीच्या पलीकडे गेला. मग सोनो मोठ्यानं, अगदी स्पष्ट बोलला, "माझी चूक झाली, मास. क्षमा करा."

"मग चालता हो."

"इंग्गिह."

त्यानं हात धुतले, कामाचे कपडे घडी करून खुंटीवर ठेवले. जाताना वाकला, माझा हात घेऊन कपाळाला लावला. नऊ वर्षं रोज लावायचा तसाच. मी हात ओढून घेतला.

संध्याकाळी रुमिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दिवा तिच्या मागे, तोंड काळोखात. काहीतरी म्हणाली. मी हो म्हटलं. तिच्या बहुतेक बोलण्याला मी आताशा हो म्हणतो. पुन्हा विचारलं की ती चिडते आणि चिडली की आणखीच पुटपुटते. ती पुन्हा तेच काहीसं म्हणाली. मी म्हटलं, "हो म्हटलं ना!"

बुधवार, ११ सप्टेंबर

रुमिनी गेली. भावाबरोबर, पहाटेच्या गाडीनं. कपड्यांची पेटी नेली, चुलीवर दोन दिवसांचं रावोन, मांसाचं काळं कालवण, शिजवून ठेवलं. नवऱ्याला एका शब्दानं विचारलं नाही! बत्तीस वर्षांचा संसार आणि निघताना विचारायची सुद्धा पद्धत नाही. हीच का ती क्लातेनची अदब?

शुक्रवार, २० सप्टेंबर

कापडवाल्याची गाडी परत. मास्तरांची परत. काल एक टॅक्सी गेली ती आज परत. सोनो जाताना काय काय सैल करून गेलाय कोण जाणे. दहा दिवसांपूर्वी गेलेला माणूस काल पहिल्यांदा आलेली टॅक्सी कशी बिघडवेल, हे मला अजून जुळवता आलेलं नाही. पण जुळेल. ओ-रिंग मात्र आता एकही चोरीला जात नाही, हे लिहून ठेवतो.

रावोन शेवटी आंबलं. फेकून दिलं.

रविवार, २९ सप्टेंबर

रोकिमचा कॅनरी, म्हणजे माझा कॅनरी, पक्ष्यांच्या स्पर्धेत पहिला आला. ढाल मिळाली. रोकिमनं मला घरी बोलावलं, बहुधा ओशाळून. अंगणात आठ-दहाजण बसले होते. पक्षी चोच उघडत होता, मिटत होता, गळा थरथरत होता, आणि सगळे डोळे मिटून माना डोलावत होते. अंगणात आवाज म्हणून नव्हता. मला वाटलं हे सगळे मिळून माझी चेष्टा करताहेत. मी चहा अर्धा टाकून उठलो. कुणीही मला थांबवलं नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायचा धीर होत नाही, पण वही पुराव्यासाठी आहे, तेव्हा लिहितो.

मत्रावी आला. रस्त्यावरचा दगड उडून व्हॅनचा कंडेन्सर फुटला होता. मी दुसरा बसवला, नायट्रोजन भरला. मत्रावी शेजारी चहा पीत उभा होता.

"पाक मुजी, बंद करा ते. कसं फुसफुसतंय."

"काय फुसफुसतंय?"

"हे काय! खालच्या कोपऱ्यात. सापासारखं."

मी नळी लावली. एक टोक कानात, दुसरं त्यानं दाखवलेल्या सांध्यावर. काहीच नाही. मी बॉनेटवर थाप मारली. "साह!"

"कसलं बोडक्याचं साह!" मत्रावीनं माझं मनगट धरलं, माझं बोट त्याच्या चहात बुडवलं आणि त्या सांध्यासमोर नेऊन धरलं. ओलं बोट थंड पडलं. वारा होता. चांगला जोरात येत होता.

मी नळी पुन्हा लावली. बोट थंड आणि कानात काही नाही.

"मला ऐकू येत नाही असं म्हणायचंय तुला?"

"मी एकटा कशाला म्हणू? सगळी गल्ली म्हणते. रोकिम म्हणतो. तुमची बायको म्हणते. सोनो तर वर्षभर तुमच्यामागून गाड्या तपासायचा, दुपारी तुम्ही जेवायला गेलात की. शाम्पूचा फेस लावून. गळणाऱ्या कड्या बदलायचा आणि सगळं पुसून ठेवायचा. तुम्ही यायच्या आत उरकावं म्हणून मी स्वतः बॉनेट धरून उभा राहिलोय."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"सुंकान," खांदे उडवून तो म्हणाला. "मोठ्या माणसाला कोण सांगणार, तुम्ही बहिरे झालात म्हणून? मी मदुराचा, म्हणून बोलून गेलो. आणि गाडी माझी आहे."

आधी मला मत्रावीला पान्यानं हाणावंसं वाटलं. मग पाना हातातून गळून फरशीवर पडला. ते मात्र ऐकू आलं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

दुकान उघडलं नाही. वही पहिल्या पानापासून वाचून काढली. चोर सापडला. पहिल्या तारखेपासून माझ्याच अक्षरात बसला होता. काखेत कळसा, गावाला वळसा. सोनो आईच्या हजाराव्या दिवसाच्या प्रार्थनेला बसला होता तेव्हा मी जो सांधा गळका सोडला, तो त्यानं 'माझी चूक' म्हणून स्वतःच्या डोक्यावर घेतला, आणि मी इथे वर लिहिलंय, बघा, कबूल केलं! हे पान फाडून टाकावं असं दहादा मनात आलं. फाडलं नाही. राहू दे.

रागही येतोय, आणि तो फक्त स्वतःचा नाही. एकानं तरी बोलायचं होतं. बायकोनं, शेजाऱ्यानं, कुणीही. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या घरी ती मेहुणी होऊन राहिली आणि दुकान खाऊन गेली. आणि तोंडावर बोलणारा मी सुराबायाचा! 'काय म्हणालीस, पुन्हा सांग' एवढं बायकोला विचारायची मला सुंकान वाटली.

संध्याकाळी दारात बसलो होतो. पुतुवाला आला. गाडी ढकलत, आमच्या दारावरून, नळकांड्यातून पांढरी वाफ सोडत. वाफ चांगली हातभर उंच उडत होती. आवाज नव्हता. मी उठून त्याची वाट अडवली.

"कधीपासून यायला लागलास परत?"

तो गोंधळला. जवळ येऊन मोठ्यानं बोलला म्हणून कळलं. "मी बंद कधी झालो होतो, पाक? बू रुमिनी रोज घ्यायच्या की. तुम्ही इथेच बसलेले असायचात, पण माझ्याकडे बघायचा नाहीत. मला वाटलं काही रागावलात. विचारायची सुंकान वाटली."

रविवार, ६ ऑक्टोबर

काल डॉक्टरकडे गेलो. ग्राइंडर, कॉम्प्रेसर, एकतीस वर्षांचा गोंगाट. बारीक, उंच आवाज आधी जातात, म्हणाला, आणि गेलेले येत नाहीत. कानाला मशीन लावलं तर बोलणं थोडं समजेल. गळतीची शीळ? तो हसला, म्हणाला साबण वापरा.

आज क्लातेनला गेलो. सोनो अंगणात सायकल दुरुस्त करत होता. मला बघून उठला, हात कपाळाला लावायला वाकला, आणि या वेळी मी हात ओढला नाही. मी म्हटलं, "सोनो, मी चोर म्हटलं तुला. चोर मी होतो. चल परत. दुकान तुझं, साह तू म्हणायचं, नाहीतर सुईला म्हणू दे. मी पाइप धुवीन." बोलताना आवाज फार मोठा झाला असावा, शेजारची बाई दारात आली.

सोनोनं खाली वाकून सायकलची साखळी चढवली. मग वर बघून म्हणाला, "इंग्गिह, मास. सोमवारी. पुढच्या."

मी त्याचे ओठ बघत होतो. शब्द ओठांवर दिसतो.

रुमिनी बाहेर आली नाही. मीच आत गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी वही तिच्यापुढे ठेवली, पेन ठेवलं. म्हटलं, "त्या संध्याकाळी दारात तू काय म्हणालीस? लिही. मला ऐकू आलं नव्हतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, तांदळाचं ताट बाजूला सारलं. मग तिनं लिहिलं. हे तिचं अक्षर आहे:

*मी विचारलं होतं, सोनोला घालवू नका. तो गेला तर मलाही जावं लागेल, जाऊ का? तुम्ही हो म्हणालात. मी पुन्हा विचारलं. तुम्ही हो म्हटलं ना म्हणून ओरडलात.*

त्याखाली, थोड्या वेळानं:

*सोमवारी सोनो आला तर मीही येईन. एकटी येणार नाही. तुमचं हसं होताना बघवणार नाही मला.*

सोमवार, १४ ऑक्टोबर

सकाळी सहाला दुकान उघडलं. सोनोचे कामाचे कपडे काल धुऊन वाळवले होते, ते खुंटीवर लावले. ओ-रिंगचा नवा डबा, शाम्पूच्या दहा पुड्या, दोन कप.

क्लातेनची गाडी साडेअकराला येते. स्टेशनवरून इथे यायला अर्धा तास. दीडपर्यंत दारात बसलो. मध्ये एक गाडी आली होती, तिला नायट्रोजन भरून सगळ्या सांध्यांना फेस लावला. एका ठिकाणी बुडबुडा आला. कडी बदलली, पुन्हा फेस लावला, मग चाळीस मिनिटं सुईसमोर बसून राहिलो. हलली नाही. गाडीचा मालक साह ऐकायला थांबला होता. मी त्याला सुई दाखवली.

दुसरी गाडी साडेचारला असते.

सोनो काय बोलला ते मला आठवतंय, शब्दन् शब्द. पण तिन्ही इंग्गिह ओठांवर सारखेच दिसतात. वेगळेपण शेपटाशी असतं, किंचित वर जाणाऱ्या त्या बारीक आवाजात. आठवडाभर मी तो ओठ पुन्हा पुन्हा आठवून पाहिला आणि स्वतःला दुसरा, 'हो'वाला, म्हणून समजावलं.

सहाला पुतुवाला वाफ उडवत गेला. साडेसहाला मी शटर ओढलं. तिसरा होता.